पिकअपचं हेड घरी उतरवावं, की गाडी सरळ गॅरेजला ओढून न्यावी?

काळी_कसदार (दर्यापूर)

आमच्या गावात यावरून दोन पार्ट्या पडल्या आहेत, म्हणून विषय इथे टाकतो. गल्लीतल्या एका कास्तकारानं पिकअपचं हेड, म्हणजे इंजिनाचा सिलिंडरांवरचा भाग, घरच्या टिनाच्या शेडात स्वतः उतरवलं, अमरावतीला लेथवर नेऊन फेसिंग करून (खालची बाजू घासून सपाट करून) आणलं आणि स्वतःच बसवलं. गाडी चालू आहे, जिनिंगच्या खेपा सुरू आहेत. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळे कंपनीवरच बोलत बसतील. अडीच लिटर, चार सिलिंडर, कॉमन रेल (एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरना दाबाचं डिझेल देणारं) डिझेल, एवढं पुरे.

हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली गॅसकेट गेल्याची लक्षणं नेहमीचीच. रेडिएटरचं पाणी कमी व्हायचं, पण खाली थेंब नाही. झाकण उघडं ठेवून सेल मारला की बुडबुडे. थंड गाडी चालू केली तरी मिनिटभरात वरचा होज कडक. ऑइलमध्ये पाणी उतरलेलं नव्हतं, म्हणजे वेळेत सापडलं.

माझं मत असं, की हेड उतरवणं आणि बसवणं घरी जमतं. हेड तपासणं जमत नाही, आणि त्याच्या नादी लागूही नये. लोक ही दोन कामं एकात कालवतात, मग एक बाजू म्हणते सगळंच घरी, दुसरी म्हणते हातच लावू नका. मोठ्या वर्कशॉपचं बिल काढून पाहा. मजुरीचा मोठा भाग खोलण्या-जोडण्याचा असतो. कसबाचं काम तेही बहुतेक वेळा बाहेरच्या लेथवाल्याकडेच पाठवतात. मग हेड आपणच घेऊन गेलो तर बिघडलं काय?

त्या माणसाची एक गोष्ट आवडली. एका पुठ्ठ्यावर त्यानं हेडचं चित्र काढलं, जिथे बोल्ट तिथे भोक पाडलं, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचला. खोलताना कडेकडून मध्ये, बसवताना मधून कडेला. आपल्याकडे वावरात ट्रॅक्टरचं हेड उतरवणारी माणसं गावोगाव आहेत. त्यांना हे जमणार नाही असं कोण म्हणतं?

पाना_सतरा (मूर्तिजापूर, स्वतःचं गॅरेज)

मी म्हणतो. ट्रॅक्टरचं उदाहरण देऊन तुमीच तुमची केस कमजोर केली भाऊ. जुन्या ट्रॅक्टरले मेकॅनिकल पंप असते. पाइप सोडा, जोडा, नट ढिला करून हवा काढा, झालं. कॉमन रेलमधी दाब १६०० बारच्या घरात जाते. चालू इंजिनवर ट्रॅक्टरवानी नट ढिला कराले गेला त डिझेल कातडी फोडून आत घुसते. वरून दिसते सुई टोचल्याएवढं, आन् दवाखान्यात बोट कापा लागते. घाबरवत नाही, खरं सांगून राहिलो.

दुसरं, इंजेक्टर. लय गाड्यांत प्रत्येकावर कोड असते आन् कोणता कोड कोणत्या सिलिंडरवर, हे ईसीएमले, म्हंजे इंजिनच्या कॉम्प्युटरले, माहीत असते. चारही काढून ताटात ठेवले आन् मनानं लावले, तरी गाडी चालू होते. पन ठोकते, धूर मारते, डिझेल पेते. मग स्कॅनर लावून कोड टाका लागते. शेडात स्कॅनर हाय काय?

तिसरं, धूळ. शेडात कापूस भरेल असते, तंतू उडून राहिले असते, आन् खाली रेलचे पाइप उघडे. तुमच्या डोयाले न दिसणारा कण इंजेक्टरचा जीव घेते.

आन् लोकं माझ्याकडे काय घेऊन येतात सांगू? अर्धी खोलेल गाडी दोरानं ओढत, आन् युरियाच्या पोत्यात बोल्ट. "भाऊ, एवढं जोडून द्या." त्याची मजुरी मी जास्त घेतो, कारण कोणता बोल्ट कुठचा हे पाहण्यातच दिवस जाते.

काळी_कसदार

चालू इंजिनवर रेलचा पाइप सोडायचा नाही, यावर वाद नाही. बंद करून, थांबून, दाब उतरल्यावरच. इंजेक्टरवर त्यानं पेंटनं १ ते ४ आकडे टाकले होते आणि पाइपांच्या तोंडांना टोप्या. इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवे. पोत्यात बोल्ट भरणारा माणूस आणि पुठ्ठ्यात खोचणारा माणूस एकच धरू नका, दादा.

पाना_सतरा

एकच नाही धरत. पन पुठ्ठ्यावाला शंभरात एक असते, आन् तुमची पोस्ट वाचून बाकीचे नव्याण्णव पाना काढतीन.

संत्रा_बाग (वरुड)

तुम्ही दोघंही महिना कोणता आहे ते विसरता. आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली असताना गाडी अंगणात खोलून ठेवणं म्हणजे स्वतःशीच वैर. गॅरेजवाला महाग असो, तो चार दिवसांत गाडी हातात देतो. घरी काम म्हटलं की एक गॅसकेट चुकीची आली, दुकानदार म्हणतो नागपूरहून मागवतो, मध्ये रविवार, मध्ये लग्न. तोवर भाड्याची गाडी लावा, आणि आपल्या गाडीचा हप्ता काही थांबत नाही.

शिवाय हिशेबात घरच्या माणसाची मजुरी कुठे आहे? तो, त्याचा पोरगा, हेड उचलायला आलेला शेजारी, अमरावतीच्या फेऱ्या. आपली मजुरी शून्य धरायची सवय कास्तकाराला कापसात लागली, ती आता गाडीतही आली. ती धरा आणि मग सांगा किती वाचले.

हौस असेल तर मे महिन्यात खोला. पण ४५ अंशांत टिनाखाली कोण बसते तेही सांगा.

काळी_कसदार

मजुरीचा मुद्दा मान्य. पण कापसाचे पैसे यायचे असतात तेव्हा हातात वेळ असतो, रोकड नसते. ज्याच्याकडे जे असेल तेच तो घालणार ना?

लेथ_आणि_फेसिंग (अमरावती)

माझ्या कामावर एवढी चर्चा चालली आहे, तर चार शब्द माझेही घ्या.

हेड घरी उतरवून आणा, माझी हरकत नाही. माझी हरकत "काका, एक फेस मारून द्या, संध्याकाळपर्यंत पाहिजे" याला आहे. फेस नंतर. आधी हेड धुवायचं, मग प्रेशर टेस्ट. पाण्याच्या सगळ्या वाटा प्लेटा लावून बंद करतो, आत हवा भरतो आणि हेड गरम पाण्यात बुडवतो. तडा असेल तर बुडबुड्यांची बारीक रेघ निघते, बहुतेक दोन व्हॉल्व्हच्या मधल्या अरुंद पट्टीतून. थंड हेडमध्ये तो तडा मिटलेला असतो, साध्या डोळ्यांना काही दिसत नाही. तडकलेलं हेड फेसिंग करून नेलं तर पंधरवड्यात बुडबुडे परत, आणि शिव्या मला.

मग सरळ पट्टी आणि फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं माप). हेडवर लांबीत, रुंदीत, दोन्ही तिरप्या रेषांत पट्टी धरायची आणि खालून पान सरकवायचं. ०.०५ मिमीचं पान अडलं तर मी म्हणतो तसंच बसवा, उगाच घासू नका. ०.१० सहज गेलं तर काम आहे. त्या मधल्यांसाठी त्या इंजिनचं पुस्तक पाहावं लागतं.

घासायलाही मर्यादा आहे. डिझेलमध्ये पिस्टन वर आलं की ब्लॉकच्या पातळीपेक्षा थोडं बाहेर डोकावतं, आणि ती फट हेड गॅसकेटच्या जाडीवर सांभाळलेली असते. म्हणून एकाच इंजिनला दोन-तीन जाडीच्या गॅसकेट येतात, काठावरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायच्या. हेड जास्त घासलं की व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात. काही कंपन्या तर फेसिंगला परवानगीच देत नाहीत, वाकलं तर नवीन टाका म्हणतात. "थोडं जास्तच मारा, पुन्हा यायला नको" म्हणणाऱ्याला मी हेड परत देतो.

जुनी गॅसकेट फेकू नका, सोबत आणा. हे सांगून तोंड दुखलं.

खारंपानी (अकोट)

तुमचा सगळा वाद हेड कोणी उतरवावं यावर. हेड गेलं कशानं, हे एकानंही विचारलं नाही.

मी पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला. अकोला, अमरावती, बुलढाणा, तिन्ही जिल्ह्यांत हा पट्टा पसरलेला आहे आणि इथलं भूगर्भातलं पाणी खारट. ते पाणी माणूस पीत नाही, पऱ्हाटीला देताना विचार करतो, पण रेडिएटरमध्ये डोळे मिटून ओततो. आमच्या एका नातेवाइकाची गाडी गरम होत होती. एका गॅरेजनं हेड गॅसकेट बदलली, पैसे घेतले, गाडी दिली. पाणी पुन्हा बोअरचंच भरलं. पुढच्या उन्हाळ्यात परतवाड्याच्या वर, मेळघाटच्या चढावर गाडी उभी. मग रेडिएटर काढून टाकी उघडली, तर नळ्यांच्या तोंडाशी तो पांढरा थर, चहाच्या पातेल्याला बसतो तसा. खालच्या अर्ध्या नळ्यांतून पाणी जातच नव्हतं. हेड बिचारं निर्दोष होतं, त्याला फाशी झाली.

निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी घातलं तर ते १०६-१०८ अंशांपर्यंत उकळत नाही. रेडिएटरचं झाकण दाब नीट धरत असेल तर १२०च्याही पुढे. त्या झाकणाचं रबर कडक झालेलं असतं आणि ते बदलायला काहीच लागत नाही. पण झाकण कोणी पाहत नाही. हेड पाहतात.

आणि तो थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा भाग! "आपल्याकडे गरमी आहे, लागत नाही" म्हणून काढून फेकायचा. काही इंजिनांत थर्मोस्टॅट काढला की बायपासची वाट उघडीच राहते, पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरकडे न जाता तिथल्या तिथे फिरतो, आणि ज्या गरमीसाठी काढला तीच वाढते.

तर माझं मत: घरी करणारा असो की गॅरेजवाला, रेडिएटर, वॉटर पंप, झाकण आणि पंख्याचा क्लच तपासल्याशिवाय हेडला हात लावणारा अर्धवट.

पाना_सतरा

खारंपानी भाऊ, थर्मोस्टॅट आमी हौसेनं नाही काढत. गिऱ्हाईकच म्हणते, "काढून टाक ना बे, मागच्या मेकॅनिकनं बी काढला होता." रेडिएटर खोला लागते म्हटलं की म्हणते, "आता नाही, पैसे आले की." कूलंट सांगितलं की म्हणते पाणी फुकट हाय. मग सांगा, चूक कोणाची?

खारंपानी (अकोट)

बिलावर लिहून द्या ना, "रेडिएटर साफ केला नाही, गिऱ्हाईकानं नाही म्हटलं." मग चूक कोणाची ते कागदच सांगेल.

पाना_सतरा

बिल कोण मागते?

वणीकर

एक शंका. हेड बदललं तर आरटीओत नोंद लागते का? आणि विमा काही देतो का?

हिशेबी (वाशीम)

इंजिन नंबर साधारणपणे ब्लॉकवर कोरलेला असतो, हेडवर नाही. हेड बदललं तर आरसीवर काही बदलत नाही. पूर्ण इंजिन किंवा ब्लॉक बदलला तर मात्र नोंद हवी, नाहीतर फिटनेसला नंबर जुळणार नाही. विम्याची आशा सोडा. झीज आणि यांत्रिक बिघाड साध्या मोटार पॉलिसीत बसत नाही. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र पाना खाली ठेवा. घरी हेड खोललेल्या इंजिनाचा दावा कोणी मान्य करत नाही.

अंगणवाली (अचलपूर)

"घरी करा, घरी करा" म्हणता, ते घर कोणाचं? आमच्याकडे हे काम झालं तेव्हा कूलंट सरळ अंगणात सोडलं, हिरवंगार डबकं. ते चवीला गोड असतं आणि विषारी असतं, मूत्रपिंडं निकामी करतं. कुत्रं चाटतं, वासरू तोंड घालतं. मी राख-माती टाकली, नंतर फावड्यानं सगळं काढलं. जळकं ऑइल धुऱ्यावर ओतलं, गवत मरतं म्हणून. त्याच धुऱ्याचं पाणी विहिरीकडे उतरतं. आणि हेडच्या बाजूला डिझेलचं ताट, शेजारी पोरं.

मी विरोधात आहे असं समजा. नाहीतर दोन कॅन आणून ठेवा, एक कूलंटला, एक ऑइलला, आणि मग बोला.

काळी_कसदार

ताई, कॅनचं बरोबर आहे. ऑइल भंगारवाला विकतही घेतो, ओतायची गरजच नाही.

अंगणवाली (अचलपूर)

भंगारवाल्याकडे कोण नेऊन देणार, तेही आत्ताच ठरवून घ्या.

पाना_सतरा

काळी भाऊ, शेवटचं विचारतो. हेडचे बोल्ट नवीन टाकले का जुनेच?

काळी_कसदार

नवीन. एकदा ताणले गेलेले बोल्ट परत वापरायचे नाहीत, हे त्याला माहीत होतं. ब्लॉकमधली भोकंही कापडानं पुसून कोरडी केली. तळाशी तेल-पाणी राहिलं तर बोल्ट कसताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉक तडकतो.

पाना_सतरा

बरं, माणूस शहाणा हाय. आन् टॉर्क, म्हंजे बोल्ट किती जोरानं कसला? पाइप घालून अंदाजानं?

काळी_कसदार

टॉर्क रेंचनंच, मोजून. आधी टप्प्याटप्प्यानं न्यूटन-मीटर, मग अंशांचा फेर. कुठे ९०, कुठे १२०, त्या इंजिनच्या पुस्तकात असेल तेवढा. रेंच मागून आणला होता, ज्याचा होता त्यानं आता द्यायचं बंद केलं. @लेथ_आणि_फेसिंग, काका, तुम्ही भाड्यानं देता का?

लेथ_आणि_फेसिंग (अमरावती)

देत होतो. एकानं नेला आणि त्यानं चाकाचे जाम नट खोलले. टॉर्क रेंच कसायला असतो, खोलायला नाही. आता नाही देत.

वणीकर

मग नवीन केवढ्याला पडते?