नडगी दुखतेय आणि स्पर्धा जवळ आलीय, काय करू?

धावरी: मी १६ वर्षांची आहे, ८०० आणि १५०० मीटर धावते. सुट्टीनंतर सराव एकदम वाढला, तोही सगळा डांबरी रस्त्यावर. आता दोन्ही नडग्या आतल्या बाजूने दुखतात. अंग गरम झालं की कमी होतं, नंतर पुन्हा ठणका. गोळी घेऊन पळू का? पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे.

जुना_मैदानी: गोळी घेऊन अजिबात पळू नकोस. दुखणं दबतं, हाडावरचा ताण तसाच राहतो.

आधी नडगीची आतली कड बोटाने दाबत खाली ये. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखलं तर बहुधा शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त ताणामुळे नडगीच्या हाडाच्या कडेला येणारं दुखणं. पण बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल किंवा चालताना त्रास होत असेल, तर धावणं आजच थांबव आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखव. हाडाला बारीक चीर असू शकते. ती पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून एक्स-रे साफ आला तरी दुखणं कायम असेल तर एमआरआयबद्दल विचार.

धावरी: दाबलं. लांब पट्ट्यातच दुखतंय, रात्री नाही.

जुना_मैदानी: बरं झालं. तरी प्रशिक्षकांना आणि घरी सांग. दोन-तीन आठवडे धावण्याऐवजी सायकल किंवा पोहणं, दम टिकून राहील. दुखेल तेव्हा कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं. आणि टाचा उचलण्याचा व्यायाम कर, गुडघा सरळ ठेवून आणि थोडा वाकवूनही. वाकवलेला लोक टाळतात, पण पोटरीचा खोलवरचा स्नायू त्यानेच मजबूत होतो.

पोटरीवाली: बूट किती जुने आहेत तेही बघ, साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर तळ बसतो. आणखी एक, मोकळेपणाने विचारते: पाळी नियमित येते ना? चुकत असेल किंवा जेवण कमी पडत असेल तर डॉक्टरांना नक्की सांग. पोटाला पुरेसं मिळालं नाही तर हाडं कमकुवत होतात, आणि हे मुलींना कुणी सांगतच नाही.

धावरी: दोन महिने आली नाहीये. सरावामुळे असं होतंच, असं वाटलं होतं.

पोटरीवाली: नाही गं, ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. मग नडगीही या आठवड्यातच दाखव, पट्ट्यात दुखत असलं तरी. आईला सोबत ने. स्पर्धेचं डॉक्टरांशी बोलूनच ठरव.