गेलेल्या डॉक्टरांच्या नव्या श्रुतिका दुसऱ्याच्या आवाजात कराव्यात का? माझं मत : नाही

निळी पेटी

गेले काही महिने रात्री दिवे घालवून, हेडफोन लावून बिग फिनिश या कंपनीच्या डॉक्टर हू श्रुतिका ऐकतोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, डॉक्टर हू ही बीबीसीची मालिका, तिचा नायक डॉक्टर निळ्या पेटीतून काळात फिरतो आणि मरायच्या वेळी देह बदलतो, म्हणून पहिला, दुसरा, तिसरा असे त्याचे नट बदलत गेले. ती २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ ला बंद पडली, २००५ ला परत आली, मधे १९९६ चा एक टीव्ही सिनेमा सोडला तर पडद्यावर नवीन असं फारसं काही नव्हतं. त्या कोरड्या वर्षांत, जुलै १९९९ मधे बिग फिनिशने पहिली श्रुतिका काढली, त्यात पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर आणि सिल्व्हेस्टर मकॉय हे तिन्ही जुने डॉक्टर आपापल्या भूमिकेत परत आले. हे काम मला मनापासून आवडतं, इथेच सांगून ठेवतो.

माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल १९७५ ला गेले, दुसरा पॅट्रिक ट्रॉटन १९८७ ला, तिसरा जॉन पर्टवी १९९६ ला. आता या तिघांच्याही नव्या गोष्टी रेकॉर्ड होतात आणि दुसरे नट त्यांचा डॉक्टर करतात. २०१५ पासून टिम ट्रेलोर तिसरा डॉक्टर करतायत, २०२२ पासून ट्रॉटन यांचा मुलगा मायकेल दुसरा. मला हे नको वाटतं. पडद्यावर नट बदलला तरी कोट असतो, केस असतात, ती पेटी असते, दिग्दर्शक अर्धं काम त्यावर भागवून नेतो. ऑडिओत नटाकडे आवाज सोडून काहीच नाही. तो वेगळा लागला तर माणूसच वेगळा, आणि हुबेहूब लागला तर मी पूर्ण वेळ हुबेहूबपणाच मोजत बसतो, गोष्ट राहते बाजूला.

आणि दुसरा रस्ता त्यांच्याकडे होता ना. २००७ पासून त्यांनी कंपॅनियन क्रॉनिकल्स काढल्या, त्यात डॉक्टरचा जुना सोबती स्वतः गोष्ट सांगतो, जोडीला बहुतेक वेळा एखादाच दुसरा आवाज. फ्रेझर हाइन्स, जे १९६६ ते ६९ जेमी होते, ते ट्रॉटन यांची वाक्यं त्यांच्याच लकबीत म्हणतात, इतकी जवळून की अंगावर काटा येतो, पण तिथे आपल्याला ठाऊक असतं की जेमीला त्याचा डॉक्टर आठवतोय. मित्राची लकब मित्राच्या तोंडी. याच्यापुढे जाऊ नये असं माझं म्हणणं.

कानसेन

अजिबात पटलं नाही पेटीदादा. तुम्ही बोलताय जणू हा प्रकार ऑडिओवाल्यांनी सुरू केला. १९८३ ला मालिकेला वीस वर्षं झाली तेव्हा खुद्द बीबीसीनेच रिचर्ड हर्नडॉल यांना पहिला डॉक्टर म्हणून उभं केलं, हार्टनेल जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पुढे डेव्हिड ब्रॅडली यांनी २०१३ च्या टीव्हीपटात हार्टनेल यांचीच भूमिका केली, २०१७ ला मालिकेत पहिला डॉक्टर केला आणि मग श्रुतिकांमधेही. म्हणजे पडद्यावर चालतं आणि कानाला चालत नाही?

नाटक नव्या संचात येतं तेव्हा आपण जुन्या नटाचा अपमान झाला म्हणत नाही, उलट भूमिका एवढी मोठी की ती नटापेक्षा जास्त जगली असं म्हणतो. आणि ही तर अशी मालिका की जिचा नायकच देह बदलतो!

निळी पेटी

देह बदलतो हे माझ्याच बाजूचं उदाहरण आहे हो. १९६६ ला हार्टनेल यांच्याजागी ट्रॉटन आले तेव्हा त्यांनी हार्टनेल यांची नक्कल केली नाही, पूर्ण वेगळा माणूस उभा केला आणि त्यामुळे मालिका टिकली. तेव्हा त्यांनी नक्कल केली असती तर आज आपण हे बोलत पण नसतो. ट्रेलोर यांना ती मोकळीक नाहीये, पर्टवीसारखं वाटलंच पाहिजे ही अट आधी, अभिनय नंतर.

माईकमागे

मी साउंडचं काम करते, श्रुतिका रेकॉर्ड केल्यात (या मालिकेच्या नाही), म्हणून थोडं आतल्या बाजूने लिहिते.

ऐकणाऱ्याला वाटतं सगळे नट एका माईकभोवती उभे आहेत. बिग फिनिशच्या रेकॉर्डिंगमधे साधारणपणे नट वेगवेगळ्या छोट्या बूथमधे असतात, मधे काच, कानात हेडफोन, त्यामुळे प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा मिळतो, एकाचं बोलणं दुसऱ्यावर चढलं तरी नंतर सोडवता येतं. चार भागांची गोष्ट साधारण दोन दिवसांत उरकतात. एवढ्या वेळात तालमी कसल्या, एकदा वाचायचं आणि घ्यायचं. पान उलटल्याचा आवाज येऊ नये म्हणून वाक्य संपेपर्यंत हात आवरायचा. स्फोट, दारं, वारा, यंत्रांची घरघर यातलं नटाला तेव्हा काहीही ऐकू येत नाही, ते सगळं नंतर चढवतात. डालेकचं (डॉक्टरचे यंत्रासारखे बोलणारे शत्रू) वेगळं, निकोलस ब्रिग्ज रिंग मॉड्युलेटर हे आवाज बदलणारं यंत्र घेऊन बसतात आणि तो खरखरीत आवाज तिथल्या तिथे देतात, म्हणजे समोरच्याला घाबरायला खरंच काहीतरी मिळतं. (टीव्हीवरही २००५ पासून डालेकचा आवाज तेच देतात.)

आता बघा, नटाकडे भिंत आहे, काच आहे, हातात कागद आहे. त्याला जिवंत ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे हेडफोनमधून येणारं समोरच्याचं उत्तर. केटी मॅनिंग १९७१ ते ७३ डॉक्टरची सोबती जो ग्रँट होत्या, पर्टवीबरोबर. त्यांना आज परत जो करायची असेल तर "डॉक्टर!" म्हटल्यावर पलीकडून कुणीतरी त्या जागेवरून बोललं पाहिजे. तुम्ही म्हणता तसं त्यांना एकटीला कथन करायला लावलं तर त्या सुंदर करतील, पण ती जो नाही राहणार, जोची आठवण सांगणारी बाई होईल. ट्रेलोर यांचं काम मी त्या नजरेने ऐकते. आवाज किती जुळला ते मी बघतच नाही, त्यांच्यामुळे केटी मॅनिंग कशा बोलायला लागतात ते बघते, आणि त्यांच्या आवाजात ती जुनी धांदल परत येते, ऐकून बघा.

उलटं घड्याळ

मी पेटीच्या बाजूने, पण कारण वेगळं. मला नकलेचा त्रास नाही, वेळेचा आहे.

ऑडिओने जे सर्वात मोठं केलं ते जिवंत नटांसाठी केलंय. सहावा डॉक्टर कॉलिन बेकर यांना १९८६ ला भूमिकेवरून काढलं, लोकांच्या लक्षात राहिला तो रंगीबेरंगी कोट आणि आरडाओरडा. २००० पासून श्रुतिकांत त्यांच्याबरोबर एव्हलिन स्माइथ आली, वयाने मोठी, इतिहास शिकवणारी, त्याला फटकन गप्प करणारी, आणि तो डॉक्टर हळूहळू असा मायाळू झाला की मी आता सहाव्याला माझा डॉक्टर म्हणतो. आठवा डॉक्टर पॉल मॅकगॅन यांना टीव्हीवर १९९६ चा एक सिनेमा मिळाला होता फक्त, २००१ पासून त्यांची अख्खी कारकीर्द कानांवर झाली, आणि २०१३ ला छोट्या भागात ते पडद्यावर आले तेव्हा मरण्याआधी त्यांच्या डॉक्टरने श्रुतिकांमधल्या सोबत्यांची नावं घेतली, चार्ली, क्रिझ, लूसी, टॅमसिन, मॉली. ज्यांनी वर्षानुवर्षं फक्त ऐकलं होतं त्यांच्यासाठी ते काय होतं मी शब्दांत नाही सांगू शकत.

चौथा डॉक्टर टॉम बेकर यांचा जन्म १९३४ चा, ते या श्रुतिकांत आले उशिरा, पहिली बाहेर पडली २०१२ ला. मेरी टॅम यांनी त्यांच्यासोबत सोबती रोमानाच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या आणि त्याच वर्षी त्या गेल्या, ते भाग आले २०१३ ला. जरा उशीर केला असता तर? म्हणून म्हणतो, स्टुडिओचा प्रत्येक दिवस आधी जे आहेत त्यांना द्या.

कानसेन

घड्याळ, हा मुद्दा मानतो. पण त्यात एक गृहीत धरलंय की एकाला दिवस दिला म्हणजे दुसऱ्याचा गेला. केटी मॅनिंग पण जिवंत नटीच आहेत ना? त्यांचा डॉक्टर गेला म्हणून त्यांनी का थांबायचं?

आणि पेटीदादा, मुलांबद्दल तुम्ही एका ओळीत उरकलंत. एलिझाबेथ स्लेडन २०११ ला गेल्या, आज त्यांची सोबतीची भूमिका, सारा जेन, त्यांची मुलगी सेडी मिलर करते. कॅरोलाइन जॉन २०१२ ला गेल्या, त्यांची लिझ शॉ, तीही डॉक्टरची सोबती, मुलगी डेझी अ‍ॅशफोर्ड करते. आईचा आवाज लेकीच्या गळ्यात असतोच, फोनवर लोक फसतात घरोघरी. त्याला पण नक्कल म्हणणार?

नवा श्रोता

मधेच विचारतो, एवढा वाद कशाला, जुन्या एपिसोडमधून आवाज घेऊन कॉम्प्युटरवरच नवी वाक्यं बनवली तर? तंत्र आहे आता.

माईकमागे

नको. ट्रेलोर चुकतात तेव्हा एक माणूस चुकतो, काचेपलीकडच्या माणसाने थोडं हळू म्हटलं तर पुढच्या टेकला ते पण हळू होतात. बनवलेला आवाज कुणाचंच ऐकत नसतो. शिवाय गेलेल्या माणसाने हो म्हटलेलं नाही.

निळी पेटी

यावर माईकमागे आणि मी एका बाजूला, त्यात शंकाच नाही.

कानसेन, मुलांबद्दल लिहिणं मला जड जातं म्हणून एका ओळीत उरकलं, टाळलं म्हणा हवं तर. सेडी मिलरची एक गोष्ट ऐकली आहे. पहिली दहा मिनिटं मी आई शोधत होतो. नंतर शोधायचं थांबलो, कधी ते कळलं नाही. माझ्या मुद्द्यात हे बसत नाही, मान्य.

पण ट्रॉटन आणि हार्टनेल यांच्याबाबत एक सांगायचं राहिलं. त्या काळातले नव्वदहून जास्त भाग बीबीसीने टेप पुसल्यामुळे चित्रासकट गेले, पण आवाज प्रत्येक भागाचा आहे, कारण तेव्हाच्या प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर, कुणी टीव्हीच्या स्पीकरपुढे माईक धरून, ते ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. म्हणजे या दोघांच्या खऱ्या श्रुतिका अपघाताने तयारच आहेत! कथन चढवून त्या रीतसर प्रकाशितही झाल्यात. खरा आवाज तासन् तास उपलब्ध असताना नव्याने बनवलेला का ऐकायचा, हा माझा मूळ प्रश्न तसाच राहतो.

कानसेन

याला माझं उत्तर माझ्यापुरतं आहे. मी २००५ ची मालिका बघून आलो, काळेपांढरे भाग मला संथ वाटायचे, दोनदा अर्धवट सोडले. मग मायकेल ट्रॉटन यांची श्रुतिका ऐकली, आवडली, आणि मनात आलं की हा मुलगा नक्की कुणासारखं बोलायचा प्रयत्न करतोय ते तरी बघू. तिथून मी ते हरवलेल्या भागांचे आवाज ऐकायला गेलो, आता तेच ऐकतोय, तुम्ही म्हणता तेच, खरखर आणि सगळं. नव्या आवाजाने मला जुन्याच्या दारात आणून सोडलं. ते दार तुम्ही बंद करायला सांगताय.

उलटं घड्याळ

हे मी ऐकलं नव्हतं कुणाकडून.

निळी पेटी

मी पण नाही. माझ्यासारखा जुनं बघून आलेला आणि तुमच्यासारखा उलट्या दिशेने आलेला, आपण दोघं एकच गोष्ट वेगळ्या कानांनी ऐकतोय हे खरं आहे. मत बदललं असं नाही म्हणणार, पर्टवी मला अजून ट्रेलोर यांच्यात सापडत नाहीत. पण माईकमागे ताईंनी सांगितलं तसं आज रात्री एक भाग फक्त जोसाठी ऐकतो, ती उत्तर कशी देते तेवढंच.

माईकमागे

दोघं भांडतात असा एखादा प्रसंग निवडा. भांडताना नट समोरच्याचं खरंच ऐकतोय की नाही ते लगेच कळतं.