मदत हवी आहे: "माझ्याने गाडी होणार नाही" हे डोक्यातून कसं काढायचं?

दुसरा_गिअर (सोमवार, रात्री ९:१२)
नमस्कार मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. एक मॅडम आहेत, वय ५१. चौथा महिना चालू आहे. पक्कं लायसन्स हातात आहे. माझ्याबरोबर सगळं करतात, वळण, रिव्हर्स, बाजारातली गर्दी. पण एकटीने न्या म्हटलं की, "सर, माझ्याने नाही होणार." मी पुण्यात दोन दिवसांचं लाइफ कोचिंगचं शिबिर केलंय. तिथे लिमिटिंग बिलीफ, म्हणजे आपल्याला अडवून ठेवणारा समज, शिकवलं होतं. समज ओळखायचा, कागदावर लिहायचा, त्याच्या उलट वाक्य दुसऱ्या कागदावर लिहायचं आणि पहिला कागद जाळायचा. तेही करून झालं. कागद जळाला, समज आहे तिथेच आहे. आता काय करू? तत्त्वज्ञान नको, उद्या सकाळी सातला क्लास आहे.

खिडकीजवळची_सीट (९:२०)
गाडी म्हणजे दुचाकी की चारचाकी? आणि तुम्ही त्यांचे कोण? क्लासवाले, कोच, की शेजारी?

दुसरा_गिअर (९:२३)
चारचाकी हो. साताऱ्यात माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे, अठरा वर्षं झाली. त्याने काय फरक पडतो? प्रॉब्लेम मनाचा आहे, गाडीचा नाही.

पेट्रोलपंप_पुराण (९:२५)
एकच उपाय, ऑटोमॅटिक घ्यायला सांगा. डावा पाय मोकळा झाला की निम्मी भीती गेली. माझ्या बायकोने एएमटी, म्हणजे स्वस्तातली ऑटोमॅटिक, घेतल्यावर तिसऱ्या दिवशी एकटीने वाई गाठली.

घाटातला_ट्रक (९:३१)
एएमटी चढावर मागे येते राव. हिल होल्ड, म्हणजे चढावर गाडी धरून ठेवणारी सोय, नसेल तर साताऱ्यात बाईला अजून घाबरवाल. घ्यायचीच तर सीव्हीटी घ्या, ती दुसऱ्या प्रकारची ऑटोमॅटिक.

पेट्रोलपंप_पुराण (९:३३)
आमची नाही येत मागे. चालवता आली पाहिजे.

आशावरी_७ (९:४०)
दादा, शब्दांत शक्ती असते. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून त्यांना म्हणायला सांगा, "मी उत्तम आणि निर्भय चालक आहे." आधी मन मानतं, मग शरीर मानतं. चार मिनिटांत मैल धावणं माणसाला अशक्य आहे असं सगळं जग समजत होतं. रॉजर बॅनिस्टरने १९५४ साली ते करून दाखवलं आणि पुढच्याच वर्षी ३७ जणांनी केलं! रस्ता तोच, पाय तेच, फक्त समज तुटला.

टीपकागद (९:५२)
ताई, ही ३७ जणांची गोष्ट प्रत्येक शिबिरात सांगतात आणि ती खोटी आहे. बॅनिस्टर ६ मे १९५४ ला ३:५९.४ मध्ये धावला. ४६ दिवसांनी जॉन लँडीने त्याहून कमी वेळ दिला. पुढच्या मे महिन्यापर्यंत चार मिनिटांच्या आत आलेले हे दोघंच. आणि आधीचा विक्रम ४:०१.४ चा होता, १९४५ पासूनचा. म्हणजे माणसं दीड सेकंदावर येऊन थांबली होती. लँडी तर बॅनिस्टरच्या आधीपासून चार मिनिटांच्या मागे लागला होता. समज तुटला म्हणून धावले असं नाही, घाम गाळत होते म्हणून धावले.

आशावरी_७ (९:५५)
आकड्यांत अडकणाऱ्यांना भावार्थ कळत नाही.

घाटातला_ट्रक (९:५६)
आता लहानपणी बांधलेला म्हणून मोठेपणीही साखळदंड न तोडणाऱ्या हत्तीची गोष्ट कोण सांगतंय?

शुद्धलेखन_रक्षक (१०:०४)
विषयांतराबद्दल क्षमस्व, पण "लिमिटिंग बिलीफ" कशाला? मराठीत न्यूनगंड हा उत्तम शब्द आहे. आपल्याकडे शब्द असताना उसने का आणायचे?

दुसरा_गिअर (१०:०९)
न्यूनगंड? मॅडम मुख्याध्यापिका आहेत. अकराशे पोरं आणि चाळीस शिक्षक सांभाळतात. मागच्या महिन्यात आमदारांना स्टेजवरून सांगितलं की वेळ संपली. त्यांना कसला न्यूनगंड! फक्त गाडी म्हटली की गार पडतात.
आणि कृपया, उद्या सातला क्लास आहे.

पानगळ (१०:२१)
@दुसरा_गिअर, "फक्त गाडी म्हटली की गार पडतात" ही ओळ महत्त्वाची आहे, ती आधीच लिहायला हवी होती. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा याने १९७७ साली जी कल्पना मांडली तिला आपण स्वक्षमतेचा विश्वास म्हणू. तो माणसाला सरसकट नसतो, एकेका कामापुरता असतो. शाळा चालवता येते म्हणून गाडीबद्दलचा विश्वास आपोआप येत नाही. हा विश्वास चार वाटांनी येतो असं तो सांगतो. स्वतः काम करून जमणं, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना बघणं, दुसऱ्याने धीर देणं, आणि छातीतल्या धडधडीचा आपण काय अर्थ लावतो ते. यात पहिली वाट सगळ्यात दणकट. आरसा आणि कागद फार तर तिसऱ्या वाटेत बसतात.
तेव्हा सांगा, त्या शेवटचं एकट्याने कधी आणि कुठे चालवायला बसल्या होत्या? तेव्हा काय झालं?

दुसरा_गिअर (१०:२६)
एकट्याने कधीच नाही. तोच तर प्रॉब्लेम आहे.

पानगळ (१०:२७)
मग "सगळं करतात" हे कशावरून?

दुसरा_गिअर (१०:२८)
मी शेजारी बसलेला असतो ना. डोळ्यांनी बघतो.

विवेकी_विहीर (१०:४४)
कागद जाळायच्या आधी एक पायरी तुमच्या शिबिरवाल्यांनी गाळलेली दिसते. १९५५ च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसने जी पद्धत काढली, आपल्याकडे मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी जी रुजवली, मराठीत जिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, तिच्यात समज आधी तपासतात. प्रसंग, त्याबद्दलचा समज आणि त्यातून येणारी भावना, या तीन गोष्टी वेगळ्या काढायच्या. मग मधल्या समजाला प्रश्न विचारायचे. याला पुरावा काय? "जमत नाही" आणि "कधीच जमणार नाही" यात फरक आहे की नाही? चुकलं तर नेमकं काय होईल? उत्तर तुम्ही द्यायचं नाही, त्यांना देऊ द्यायचं.
उद्या गाडी सुरू करायच्या आधी एवढंच विचारा, "मॅडम, तुमच्याने होणार नाही याला पुरावा काय?" आणि गप्प बसा. गप्प बसणं जास्त अवघड आहे.

सल्ला_नको_होता (११:०२)
ड्रायव्हिंगवाल्याने मानसोपचार करू नयेत. घाम, धडधड, हात थरथरणं असेल तर समुपदेशकाकडे पाठवा. आधी काही अपघात झाला होता का ते कुणी विचारलंच नाही.

दुसरा_गिअर (११:०५)
अपघात नाही. घाम नाही. विचारतो उद्या. आभार.

दुसरा_गिअर (मंगळवार, सकाळी ९:३५)
विचारलं. आणि आता माझंच डोकं फिरलंय.
पोलीस ग्राउंडच्या कडेला गाडी उभी केली आणि विचारलं, "पुरावा काय?" मॅडम दोन मिनिटं काचेतून समोर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुरावा म्हणजे तुमचा पाय, सर."
मी म्हटलं, म्हणजे?
"माझा पाय ब्रेकवर असतो आणि पेडल आपोआप खाली जातं. मला कळतं. काल समर्थ मंदिराच्या चढावर क्लच कुणी धरला होता? मी नव्हता धरला. एकटीने न्यायला सांगता, मग तो पाय कुठून आणू?"
अठरा वर्षांत हे मला कुणी बोललं नाही. मी काय मुद्दाम करतो का? रस्ता आहे, समोरून एसटी येते, पोरं आडवी येतात.

खिडकीजवळची_सीट (९:४१)
थांबा, तुमच्या पायाखाली पण ब्रेक आहे???

दुसरा_गिअर (९:४३)
अहो, स्कूलची गाडी आहे, नियमानेच डबल कंट्रोल लागतो. माझ्या बाजूला ब्रेक आणि क्लच. आतून जोडलेले असतात, मी दाबला की त्यांचाही खाली जातो. सगळ्यांना माहीत असतं हे.

पानगळ (९:४५)
आम्हाला नव्हतं. आणि हेच तर काल रात्री विचारत होते.

विवेकी_विहीर (९:५८)
मग कागदावरचा समज खोटा नव्हता हो. बाईंनी चार महिने निरीक्षण करून काढलेला निष्कर्ष होता. तुम्ही पुरावा जाळलात.

टीपकागद (१०:०२)
😀

दुसरा_गिअर (१०:०४)
हसा. इथे मदत मागायला आलो होतो.

लाल_डबा_निवृत्त (१०:३०)
मास्तर, रागावू नका. मी ३१ वर्षं एसटी चालवली, शेवटची सात वर्षं नवी पोरं तयार केली. आमच्या गाडीला शेजारी जादा ब्रेक नसायचा, म्हणून पोरगं काय करतंय ते डोळ्यानं आणि कानानं बघावं लागायचं. तुमचा पाय तुमच्या डोक्याच्या आधी पळतो, तो सवयीचा गुलाम हाय. उद्या एक करा. खिशात चिंचोके ठेवा. पाय पडला की एक चिंचोका डाव्या खिशातनं उजव्यात. घरी जाऊन मोजा. मग बोलू.

जाऊबाई (१०:४८)
मला एक सांगा, घरी कोण बसतं त्यांच्या शेजारी? घरची गाडी असेलच ना?

दुसरा_गिअर (११:१०)
हो, रविवारी त्यांचे मिस्टर बसतात. त्यांच्याकडे नवी मोठी गाडी आहे. हे कुणी विचारलं नाही म्हणून लिहिलं नाही.

जाऊबाई (११:१४)
आणि मिस्टरांचा हात हँडब्रेकवर असतो. बरोबर?

दुसरा_गिअर (११:१९)
मॅडमना फोन करून विचारलं. बरोबर आहे. "अगं अगं अगं" म्हणत ओढतात म्हणे. तुम्हाला कसं कळलं?

जाऊबाई (११:२०)
आमच्याकडे "हळू हळू हळू" आहे.

पेट्रोलपंप_पुराण (११:२६)
मोठी गाडी म्हणजे कोणती? डिझेल असेल तर क्लच जड असतो. मी म्हटलंच होतं, ऑटोमॅटिक.

घाटातला_ट्रक (११:२७)
झालं सुरू.

दुसरा_गिअर (बुधवार, सकाळी ८:५०)
चिंचोके मोजले. चाळीस मिनिटांत १४. त्यातले खरोखर लागणारे पाच, फार तर सहा. बाकीच्या वेळी मॅडमचा पाय आधीच ब्रेकवर गेला होता, मी वरून दाबला. दोनदा तर समोर कुणी नव्हतंच. राजवाड्यापाशी एक कुत्रं होतं, तेही फुटपाथवर.
लाज वाटली. आता काय? पाय बांधून ठेवू?

आशावरी_७ (९:०२)
स्वतःला दोष देऊ नका दादा. स्वतःला क्षमा करण्याचं एक सुंदर ध्यान आहे, पाठवू का?

लाल_डबा_निवृत्त (९:२०)
पाय बांधायचा न्हाई. गरज पडली तर दाबायचा, तुमच्या भरवशावर रस्त्यावर लोक चालतात. फक्त चोरून दाबायचा न्हाई. प्रत्येक वेळी मोठ्यानं म्हणायचं, "मी." ब्रेक दाबला, "मी." क्लच धरला, "मी." तुम्ही गप्प असाल तेव्हा जे झालं ते बाईंनी केलं, हे त्यांना आपोआप कळतं. शाबासकी द्यायची गरज न्हाई. उलट तुम्ही "छान, छान" म्हणत ऱ्हायलात आणि पेडल खाली जात ऱ्हायलं, म्हणून त्यांचा तुमच्या शब्दावरचा विश्वास उडालाय.

पानगळ (९:३४)
वर लिहिलेली बंडुराची पहिली वाट ती हीच. काकांनी चिंचोक्यात बसवली.

सल्ला_नको_होता (९:४०)
रस्त्यावर प्रयोग नको. आधी मोकळ्या मैदानात करा.

लाल_डबा_निवृत्त (९:४४)
मैदानात चढ नसतो साहेब. त्यांची अडचण चढावर हाय.

दुसरा_गिअर (शनिवार, सकाळी ९:१५)
अपडेट देतो, कारण न देणाऱ्यांचा मलाच राग येतो.
गुरुवारी "मी" नऊ वेळा. शुक्रवारी सहा. मॅडमना पहिल्या दिवशी हसू येत होतं. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या आधी ब्रेक मारायला लागल्या, मला बोलू द्यायचं नाही म्हणून. शिक्षिका शेवटी.
आज समर्थ मंदिराचा चढ. पुढे रिक्षा थांबली, मागे दुधाचा टेम्पो अगदी चिकटून. मॅडमनी हँडब्रेक ओढला, पहिला टाकला, क्लच हळूहळू सोडला. बॉनेट किंचित उचललं, इंजिनचा आवाज जड झाला आणि त्या तिथेच धरून बसल्या. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. माझा पाय थरथरत होता, खोटं नाही सांगत. रिक्षा हलली, त्यांनी हँडब्रेक सोडला. वीतभरही मागे नाही आली.
वर गेल्यावर मॅडमनी विचारलं, "आत्ता कोण होतं?"
मी काही बोललो नाही.

जाऊबाई (९:२२)
आणि मिस्टर?

दुसरा_गिअर (९:३०)
मिस्टरांना सांगायचं मॅडमनी स्वतःवर घेतलंय. उद्या आईकडे कोरेगावला जायचंय त्यांना, वीसेक किलोमीटर. म्हणाल्या, माहुलीच्या पुलापर्यंत ते मागच्या सीटवर बसतील, पुढे बघू. मी फोन चालू ठेवून घरी बसणार आहे.

लाल_डबा_निवृत्त (९:३८)
फोन बंद ठेवा. तो पण पायच हाय.

शुद्धलेखन_रक्षक (१०:१२)
"माझ्याने होणार नाही" की "माझ्याच्याने"? प्रमाण रूप कोणतं, यावर वेगळा धागा काढावा का?

गोडंबी (दुपारी १:०५)
सगळा धागा वाचला नाही. माझं लायसन्स संपून चार महिने झालेत, नूतनीकरणाला परत टेस्ट द्यावी लागते का? अर्जंट आहे.