‘राष्ट्रवादी प्रकाशक’ की आणखी काही?

प्रश्न : म्युनिकचा प्रकाशक युलिउस लेहमान (१८६४–१९३५) याच्यावर टिपण लिहितोय. जर्मनमध्ये त्याला ‘फोल्किश’ म्हणतात. ‘जहाल राष्ट्रवादी’ चालेल का?

उत्तर : ‘जहाल’ नकोच. जहाल म्हटलं की आपल्याला टिळक आठवतात. ‘राष्ट्रवादी’लाही स्वातंत्र्यलढ्यामुळे आपल्याकडे मान आहे (हल्ली घड्याळही आहे, ते सोडा). फोल्किश मंडळींचं राष्ट्र रक्तावर ठरायचं. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेला ज्यूसुद्धा त्यांच्या लेखी जर्मन नव्हता. सरळ ‘वंशवादी’ लिहा.

दुसरं मत : ‘वंशवाद’ वाचून आज अनेकांना घराणेशाही आठवेल. ‘वंशवर्चस्ववादी’ लांबलचक आहे, पण घोटाळा होत नाही.

आणि नुसतं ‘प्रकाशक’ लिहून भागणार नाही, ‘वैद्यकीय प्रकाशक’ म्हणा. सगळी मेख तिथेच आहे. १८९०मध्ये त्याने संस्था काढली ती डॉक्टरांच्या पुस्तकांसाठी. सचित्र वैद्यकीय ग्रंथांवर नाव कमावलं आणि मग त्याच नावाखाली वंशाची पुस्तकं आणली. बाउर, फिशर आणि लेन्त्स या शास्त्रज्ञांचा आनुवंशिकतेवरचा ग्रंथ १९२१चा. जर्मन लोकांच्या वंशावरचं हान्स ग्युन्टरचं पुस्तक १९२२चं, तेही लेहमाननेच मागे लागून लिहून घेतलेलं. ग्युन्टर शिकलेला भाषाशास्त्र! पण लेहमानचा शिक्का असल्यावर ते विज्ञान म्हणून खपलं. १९२३च्या हिटलरच्या फसलेल्या उठावात ओलीस धरलेल्या बवेरिया प्रांताच्या मंत्र्यांना लेहमानच्याच बंगल्यात ठेवलं होतं. सक्तीच्या नसबंदीचा कायदा १९३३मध्ये झाला, त्यावरचं अधिकृत भाष्यही त्याच्याच संस्थेने छापलं.

प्रश्नकर्ता : पटलं. मग ‘रासेनहिगिएने’ला (‘नको’ असलेल्यांची संतती रोखून वंश ‘सुधारण्या’च्या विचाराला) ‘वंशारोग्य’ म्हणू?

उत्तर : छे! ‘वंशारोग्य’ वाचून लसीकरणाची मोहीम वाटेल. मूळ शब्दाला असाच सोज्वळ वास होता हे खरं, पण तुम्ही तो सोज्वळपणा मराठीत कशाला आणता? ‘वंशशुद्धी’ लिहा, अवतरणचिन्हांत.

प्रश्नकर्ता : शेवटचं. ‘ते लेहमान’ की ‘तो लेहमान’?

उत्तर : ‘तो’. शेक्सपिअर, नेपोलियन यांनाही आपण ‘तो’च म्हणतो. त्यात अपमान नाही. ‘ते’ केलंत तर मात्र उगाच गौरवग्रंथ वाटेल.