डग्गा गायकाला गिळतोय, इक्वलायझर ॲप कोणतं टाकू? (आणि बाबांसाठीही सल्ला हवाय)

मागाची_खटखट:
मंडळी, नमस्कार. गेल्या महिन्यात सोलापूरच्या नवी पेठेतून एक वायरलेस हेडफोन घेतला, कान पूर्ण झाकणारा. अडीच हजारांच्या आसपास बसला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष तिचा की माझ्या कानाचा हेच अजून कळेना. दुकानात त्यानं डीजेवालं गाणं लावून दाखवलं, कानात धडधडलं, मी खूश. घरी येऊन अभंग लावला तर डग्गा असा घुमतो की गाणारा शेजारच्या खोलीत बसून गातोय असं वाटतं. पेटी तर सापडतच नाही.

फोन अँड्रॉइड आहे. दोन इक्वलायझर (जाड-बारीक स्वर वेगवेगळे कमी-जास्त करायची ॲप) टाकून बघितले. एकात दर मिनिटाला जाहिरात. दुसऱ्यात 'व्हॉल्यूम बूस्ट' दाबला तर आवाज टरटर फाटायला लागला. तुम्ही कुठलं वापरता?

दुसरा प्रश्न बाबांचा. अठ्ठावीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग चालवले त्यांनी. आता घरीच असतात, माझ्या जुन्या सॅमसंगवर इअरफोन लावून कीर्तन ऐकतात. आवाज कायम पूर्ण वर. आई स्वयंपाकघरात उभी राहून कीर्तन ऐकते, इतका बाहेर येतो. तरी बाबा म्हणतात, "बुवांचा आवाज येतोय, पण काय बोलतात ते कळंना." यावर काही सेटिंग असेल का?

कडक_भाकरी:
काय बे, अडीच हजारात काय मैफल पाहिजे होती का? विकून टाक आणि तारेचे इअरफोन घे. ॲप-बिप म्हणजे आमटी पांचट झाली म्हणून ताट बदलायचा प्रकार.

मिक्सरमागचा:
भाकरीराव, आमटी पांचट नाही, मीठ जास्त पडलंय. त्याला उपाय आहे.

मालक, मी साउंडवाला. मंडप, सभागृह, भजनसंध्या, हेच काम. तुमच्या हेडफोनची तक्रार मला दर कार्यक्रमात ऐकायला मिळते, "गायक ऐकू येत नाही, गायक वाढवा". नवखा पोरगा लगेच गायकाचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर ढकलतो. मग डग्गेवाला म्हणतो मी ऐकू येत नाही, त्याचा वाढवतो. दहा मिनिटांत सगळं लाल दिव्यात आणि स्पीकर रडायला लागतो. गायक वाढवायचा नसतो. त्याच्या अंगावर जे बसलंय ते उचलायचं असतं.

ॲप नंतर. आधी हेडफोन नीट घाला. चष्मा लावता का? काडीमुळे गादी गालाशी टेकत नाही आणि फट राहते, तिथून बास म्हणजे जाड आवाज गळतो. कानात घालायचे असतील तर रबरी टोपी चुकीच्या मापाची असली की डग्गा गायबच होतो. तुमच्याकडे उलटं आहे, म्हणजे गादी घट्ट बसलीय आणि कंपनीनं मुळातच बास चढवून ठेवलाय. दुकानात पाच मिनिटांत विकायचं असतं ना.

आता कसं शोधायचं ते सांगतो. एक अभंग निवडा, असा की ज्यात सुरुवातीला नुसता गायक आणि तंबोरा आहे आणि मग ठेका सुरू होतो. इक्वलायझर उघडा, सगळ्या पट्ट्या शून्यावर. हर्ट्झचा आकडा लहान तेवढा स्वर जाड, मोठा तेवढा बारीक. मग १२५ हर्ट्झची पट्टी चांगली ६-७ डेसिबल वर न्या आणि ऐका. मग ती शून्यावर आणून २५० ची वर न्या. मग ५०० ची. जिथं वर नेल्यावर "अरे हाच तो गोंधळ" असं वाटेल, तीच पट्टी आता शून्याच्या खाली आणायची. स्वस्त हेडफोनमध्ये बहुतेक वेळा ही जागा १२५ ते २५० मध्ये सापडते. ३-४ डेसिबल खाली आणलं तरी खोलीचं दार उघडल्यासारखं होतं. ६० च्या आसपासची पट्टी फार कापू नका, नाहीतर डग्ग्याचा घुमारा जाऊन पत्र्याचा डबा वाजल्यासारखं होईल.

पेटी आणि शब्द अजून मागे वाटले तर २ ते ४ हजारांच्या पट्टीला एखाद-दोन डेसिबल द्या, जास्त नाही. आणि ८ हजारांच्या वर हात लावताना टाळ लक्षात ठेवा. भजनात टाळ असले आणि तुम्ही वरची पट्टी चढवली तर अर्ध्या तासात डोकं उठेल.

तुमचा आवाज फाटला त्याचं कारणही हेच. डिजिटल आवाजाला वर छत असतं, त्याच्या पलीकडे जागाच नाही. आजकालची गाणी आधीच त्या छताला टेकलेली असतात. त्यात ६ डेसिबल वाढवलं म्हणजे सिग्नल दुप्पट. जाणार कुठं? लाटेचा माथा कापला जातो, तेच तुम्हाला टरटर ऐकू येतं. म्हणून कुठलीही पट्टी वर नेली तर 'प्रीॲम्प' नावाची पट्टी तेवढीच खाली आणायची. ४ वर नेली तर प्रीॲम्प उणे ४. एकूण आवाज कमी वाटेल, तो फोनच्या बटणानं वाढवा.

मागाची_खटखट:
साहेब, तुम्ही तर कॉलेजात शिकवायला पाहिजे. चष्मा लावत नाही. आज रात्री बसतो. पण ॲप कुठलं ते राहिलंच की.

हुतात्मा_प्रवासी:
मी सांगतो. दर शनिवार-रविवार हुतात्मा एक्सप्रेसनं पुणे-सोलापूर करतो, चार तास कानात हेच असतं, त्यामुळे सगळे प्रयोग करून झालेत.

पहिल्यांदा हेडफोनच्या कंपनीचंच ॲप आहे का ते बघा. असलं आणि त्यात इक्वलायझर असला तर आधी तोच वापरा. ती सेटिंग बऱ्याचदा हेडफोनच्याच चिपमध्ये साठते, म्हणजे उद्या फोन बदलला, लॅपटॉपला जोडलं तरी तशीच राहते. बाहेरचं ॲप फक्त त्या एका फोनपुरतं.

नसेल तर अँड्रॉइडवर वेव्हलेट. फोन अँड्रॉइड ९ किंवा पुढचा हवा. नऊ पट्ट्यांचा इक्वलायझर आहे, आणि त्याहून कामाची गोष्ट म्हणजे 'ऑटोइक्यू'. हजारो हेडफोनची लोकांनी यंत्रावर मोजमापं घेतलीत, त्यावरून कुठल्या मॉडेलला कुठं कापायचं आणि कुठं भरायचं याची तयार यादी त्यात आहे. तुमचं मॉडेल शोधायचं, निवडायचं, झालं. मॉडेल नसेल तर नावात साम्य असलेलं दुसरं टाकू नका, ते शेजाऱ्याचा चष्मा लावण्यासारखं आहे. मग साउंडवाल्या मालकांनी सांगितलं तसं हातानंच.

एक खोच. काही ॲपमधला आवाज वेव्हलेटला सापडत नाही, गाणं वाजतंय पण फरक शून्य. अशा वेळी त्याच्या सेटिंगमध्ये 'लेगसी मोड' चालू करून बघा. आणि फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्याला बंधनातून सोडवा, नाहीतर काही फोन त्याला मागच्या मागे मारून टाकतात आणि कुर्डुवाडीच्या आसपास अचानक डग्गा परत येतो. माझ्यासोबत झालंय.

पैसे खर्च करायची तयारी असेल तर पॉवरॲम्प इक्वलायझर. आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतं. त्यात पॅरामेट्रिक आहे, म्हणजे पट्टी ठरलेल्या जागी नसते, २१० हर्ट्झवरच कापायचं असेल तर नेमकं तिथं कापता येतं आणि किती रुंद कापायचं तेही ठरवता येतं. सुरुवातीला गरज नाही.

आयफोनवाल्यांचे मात्र हाल. सेटिंगमधला तो इक्वलायझर फक्त ॲपलच्या म्युझिक ॲपला लागतो. स्पॉटिफायचा वेगळा, त्याच्याच आत. सगळ्या फोनला एकदम लागेल असं बाहेरचं ॲप तिथं नाही.

आणि दोन इक्वलायझर एकावर एक चढवू नका. फोनमधलं डॉल्बी, 'बास बूस्ट', हेडफोनच्या ॲपमधला 'पॉप' मोड, सगळं बंद करून एकच ठेवा. मी महिनाभर वेव्हलेटला शिव्या घातल्या, नंतर कळलं की खाली फोनचाच बास बूस्ट चालू होता.

सेटिंग करताना नेहमी ऐकता तेवढ्याच आवाजात करा. आवाज हळू केला की कानाला बास आपोआप कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलंय. मोठ्या आवाजात लावलेली सेटिंग रात्री हळू आवाजात फिकी लागते ती त्यामुळेच.

शेंगाचटणी_ताई:
दादा, सगळे हेडफोनवर तुटून पडलेत, मला तुमच्या बाबांबद्दल बोलायचंय. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासणारी. माझं माहेर पूर्व भागात, चुलत्यांचे माग होते, त्यामुळे ती खटखट मला चांगली माहीत आहे. शेडमध्ये दोन माणसं कानाशी तोंड नेल्याशिवाय बोलूच शकत नाहीत.

"आवाज येतोय पण कळत नाही" हे वाक्य मी आठवड्यातून पाच-सहा वेळा ऐकते. वर्षानुवर्षं गोंगाटात काम केलं की कानाच्या आतल्या बारीक केसपेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. सगळ्यात आधी मार बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखात तिथं अक्षरशः खड्डा दिसतो. खालचे स्वर चांगले ऐकू येतात, म्हणून माणूस म्हणतो मला ऐकू येतं. पण स, श, त, ख, फ ही अक्षरं उंच स्वरातली आणि मुळातच हलकी, ती गळतात. एकदा विचारून बघा, मंडईत भाजीवाली "साठ" म्हणाली आणि बाबांनी "आठ" ऐकलं असं कधी झालंय का.

अशा कानाला आवाज वाढवला तर डग्गाही वाढतो, टाळही वाढतात, शब्द तिथेच राहतात. आणि उरलेल्या पेशींवर आणखी मारा होतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतील, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. पूर्ण आवाजात रोज दोन कीर्तनं म्हणजे ती मर्यादा कधीच ओलांडली.

सॅमसंग आहे ना? सेटिंगमध्ये साउंडच्या आत, साउंड क्वालिटीमध्ये 'अडॅप्ट साउंड' शोधा. बहुतेक सॅमसंगमध्ये असतं. शांत खोलीत इअरफोन लावून बसवा. बारीक बीप वाजतात, ऐकू आली की सांगायचं, एकेका कानाचं वेगळं. त्यावरून फोन स्वतःच आवाज जुळवून देतो. दुपारी भारनियमन असेल तेव्हा करा, पंखाही बंद असतो.

पण ही ऑडिओमेट्री नव्हे. आधी कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवा. कधी कधी नुसता मळ साठलेला असतो आणि आपण ॲप शोधत बसतो. सिव्हिल हॉस्पिटललाही विभाग आहे. आलेख हातात आला की श्रवणयंत्र लागतंय का तेही कळेल. लागत असेल तर टाळू नका, इक्वलायझर त्याची जागा घेत नाही.

कडक_भाकरी:
ताई, साठचं आठ आमच्या घरी रोज होतं. मला वाटायचं अण्णा मुद्दाम करतात, पैसे वाचवायला.

मागाची_खटखट:
ताई, तुमचं वाचून आईला विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "साठ-आठचं सोड, परवा 'शेंगा आणा' म्हणलं तर वांगी घेऊन आले." मी थोडा वेळ काही बोललोच नाही. एवढी वर्षं आम्ही त्यांना विसराळू म्हणत होतो.

मग काल दुपारी अडॅप्ट साउंड करायला बसवलं. डाव्या कानात उंच बीप चालू होत्या, मला स्क्रीनवर दिसत होतं, आणि बाबा खिडकीबाहेर बघत शांत बसलेले. "सुरू कर की", म्हणाले. सुरू होऊन मिनिट झालं होतं.

सेटिंग लागल्यावर कीर्तन लावलं. पंधरापैकी दहावर आवाज ठेवला. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "आज बुवा सावकाश बोलतात वाटतं." कीर्तन तेच होतं, परवाचंच. येत्या सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीय.

माझं सांगायचं राहिलं. कंपनीचं ॲप नाही, मॉडेल ऑटोइक्यूच्या यादीतही नाही. हातानंच केलं. २५० वर उणे ४, १२५ वर उणे ३, ४००० वर दीड वाढवलं, प्रीॲम्प उणे दीड. पेटी सापडली!

मिक्सरमागचा:
वा. १२५ ला उणे ३ जरा जास्त वाटतंय, उणे २ करून बघा. आणि दोन दिवसांनी सगळं बंद करून एकदा ऐका, मग चालू करा. कान फार लवकर सवय लावून घेतो, फरक खरा की मनाचा ते तेव्हाच कळतं.

मागाची_खटखट:
केलं उणे २. योग्य आहे. बाबांना माझा हेडफोन लावून दाखवला, तर पहिलं वाक्य काय, "तबलजी आला नाही का आज?" त्यांच्यासाठी मात्र डग्गा परत वर करावा लागला.

हुतात्मा_प्रवासी:
त्यांच्या नावानं वेगळा प्रीसेट, म्हणजे पट्ट्यांची तयार सेटिंग, सेव्ह करून ठेवा.

मागाची_खटखट:
केलाय. नाव ठेवलंय 'साठ'.