चर्चच्या आवारातला कोरीव दगड: क्रॉसचा तुकडा असेल का?

रानवाट: उत्तर यॉर्कशरमधल्या एका खेड्यात चर्चच्या भिंतीला टेकून वालुकाश्माचा तुकडा उभा आहे. गुडघ्याएवढा उंच, वर निमुळता होत गेलेला. समोर वेणीसारखी गुंफण, दोन्ही कडांना जाड काठ. एका अंगाला शेवाळ दाटलंय, पण बोटाला खाली कोरीव काम लागतं. मागची बाजू सपाट तासलेली, तिला चुना चिकटलाय. जुन्या क्रॉसचा तुकडा असेल का? शेवाळ ब्रशने काढून फोटो टाकू?

मेघना_लीड्स: ब्रश अजिबात नको! अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला अगदी लगटून एका बाजूने धरा. दिवसा न दिसणाऱ्या रेषासुद्धा उठून दिसतात.

शिळाप्रेमी: चुना वाचून फार आनंद झाला. नॉर्मन काळात (११ व्या-१२ व्या शतकात) चर्चं नव्याने बांधताना जुने क्रॉस फोडून भिंतीत घातले गेले, आणि भिंतीत गेले म्हणूनच कित्येकांचं कोरीव काम पावसापासून वाचलं. याच भागातल्या मिडलटनचे क्रॉस १९४८ मध्ये चर्चच्या बुरुजातून काढले. त्यातल्या एकावर भाला, तलवार आणि कुऱ्हाडीसह योद्धा आहे. १० व्या शतकातलं काम, जरूर बघून या.

निमुळता आकार आणि काठ पाहता तुमचा दगड क्रॉसच्या खांबाचा असावा. नुसत्या वेणीवरून काळ ठरत नाही, ती कित्येक पिढ्या कोरली जात होती. म्हणून माझा जीव त्या शेवाळाखालच्या बाजूत अडकलाय. तिथे द्राक्षवेल निघाली तर काळ मागे, ८ व्या-९ व्या शतकाकडे जाईल. पट्टीसारख्या अंगाचा, स्वतःच्याच वेटोळ्यात अडकलेला प्राणी निघाला तर स्कँडिनेव्हियन (व्हायकिंग) वस्तीनंतरचा, बहुधा १० व्या शतकातला. पण शेवाळ तज्ज्ञच काढतील. हे क्रॉस मुळात रंगवलेले असत, काहींच्या खाचांत लाल रंग अजून सापडतो. एका ब्रशने तो कायमचा जाईल.

डरहम विद्यापीठाच्या अँग्लो-सॅक्सन (नॉर्मनांच्या आधीच्या इंग्लंडमधल्या) शिल्पांच्या सूचीत आधी गावाचं नाव शोधा, ती ऑनलाइन आहे.

रानवाट: सूचीत गाव आहे, पण तिथले दोन्ही तुकडे चर्चच्या आतले. हा त्यात नाही! चर्चवॉर्डनना (चर्चची देखभाल पाहणाऱ्यांना) सांगून आत हलवायला लावू?

शिळाप्रेमी: सांगा, आजच. पण हलवायला चर्च ऑफ इंग्लंडच्या नियमाने डायोसिसची (बिशपच्या विभागाची) रीतसर परवानगी लागते, तोवर कोणी हात लावू नये. चारही बाजूंचे फोटो मोजपट्टीसह काढा, चुन्याची बाजू विसरू नका, आणि ते सूचीच्या संपादकांनाही पाठवा.