मदत हवी आहे : ‘पृथ्वी सहा हजार वर्षांची’ म्हणणाऱ्याला खडकाचं वय कसं समजावू?

नमस्कार मंडळी, इथे कोणी भूशास्त्रवाले आहेत का?

मी सिनसिनाटीत राहतो. जवळच केंटकीत नोहाच्या नौकेची ५१० फुटी प्रतिकृती २०१६ पासून उभी आहे आणि आमचे शेजारी तिथले भक्त. माणूस सज्जन, पण बायबलमधली सृष्टी शब्दशः खरी मानणारा. त्यांचा हुकमी एक्का असा : अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उद्रेक १९८० चा, त्यानंतर तयार झालेल्या लाव्ह्याच्या घुमटातल्या दगडाचं वय पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने साडेतीन लाख वर्षं आलं, मग पृथ्वीच्या तुमच्या ४५४ कोटी वर्षांवर विश्वास का ठेवू?

दगडातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० चा हळूहळू आर्गॉन वायू होतो. त्याचं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे १२५ कोटी वर्षं, त्यामुळे ताज्या दगडात मोजण्याजोगा आर्गॉन साठलेलाच नसतो. शिवाय जुने स्फटिक लाव्ह्यात अडकून आले की वय फुगतं. इथवर मी सांगतो. त्यावर ते म्हणतात, “मग जुन्या दगडांतही तसंच झालं नसेल कशावरून?” इथे माझी गाडी अडते. आयसोक्रॉन (एकाच खडकाचे अनेक नमुने आलेखावर मांडून वय काढायची पद्धत) वाचून पाहिलं, डोक्यावरून गेलं.

सह्याद्रीच्या घाटांत लाव्ह्याच्या थरांमध्ये लाल पट्टे दिसतात ना, त्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांवरून युरेनियम-शिसे पद्धतीने दख्खनच्या लाव्ह्याचं वय सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं. आर्गॉनवाल्या मोजणीतूनही जवळपास तेच. हे उदाहरण चालेल का? पट्ट्यांचे स्वच्छ फोटो कोणाकडे आहेत?

देव आहे की नाही हा वाद कृपया नको. आमचा नास्तिक भाचा त्यावरून खिल्ली उडवतो आणि बोलणंच संपतं.